दुधाळ नमुना

माणसं खोटं बोलतात, रक्त बोलत नाही, असं सुईबाईंचं म्हणणं होतं. ते त्यांनी तीस वर्षं, रोज सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच या वेळात, लोकांच्या तोंडावर फेकलं.

सुईबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाळंतपणाच्या त्या चाळीस खाटांच्या दवाखान्यात रक्त काढायचं आणि तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. नाव हातातल्या सुईवरून पडलं की जिभेवरून, याबद्दल दवाखान्यात दोन तट होते. हातातली सुई लागायची नाही, एवढं मात्र दोन्ही तटांना मान्य होतं. बुडालेल्या, कुणालाच न सापडणाऱ्या शिरा त्यांच्या बोटाखाली आपणहून वर यायच्या. जिभेचं तसं नव्हतं. ती लागायचीच, आणि लागावी म्हणूनच चालवलेली असायची.

त्यांची खोली जिन्याखाली होती. एक खिडकी, खिडकीबाहेर बाकडं, आत उंच स्टूल, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं यंत्र आणि दार नीट लागत नाही म्हणून पट्टीने बांधलेला फ्रीज. इतरांना सकाळी चहा लागतो, सुईबाईंना कुणाचा तरी गाढवपणा लागे. तो त्यांना वेळेवर मिळेही. बायकोच्या दंडाला पट्टा बांधताच घेरी येऊन पडणारे नवरे होते. कोंबडीने पाय ओढल्यासारख्या अक्षरात तपासण्या लिहिणारे डॉक्टर होते. अकरा वाजता उगवून, कागदांवर सह्या ठोकून, खुर्चीतच डोळे मिटणारे प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर होते. सुईबाई त्यांना झोपाळू म्हणत, तेही ते जागे असताना.

पण त्यांचा सगळ्यात मोठा तिरस्कार राखून ठेवलेला होता तो खाऊन येणाऱ्या बायकांसाठी.

रिकाम्या पोटी काढलेलं रक्त यंत्रात फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी उरतं. त्याच्यामागे छापील कागद धरला तर वाचता यावा इतकं स्वच्छ. पण कधी कधी ते वरचं पाणी पांढुरकं निघतं, दुधात विसळल्यासारखं. ती चरबी. तेलकट, तुपकट खाऊन आलेल्या माणसाच्या रक्तात ती तरंगत असते. अशा गढूळ नमुन्यातून यंत्राला बरेचसे आकडे धड काढता येत नाहीत. म्हणून तो टाकायचा आणि ‘उपाशीपोटी परत या’ म्हणून सांगायचं, अशी रीत. सुईबाईंनी या रीतीत पदरचं एवढंच घातलं होतं की परत पाठवताना त्या बाईची चारचौघांत हजेरी घ्यायची.

“काय खाल्लंत?”

“काही नाही हो, खरंच.”

“काही नाही? मग हे काय, रक्तात गाय बांधलीय?”

बाकड्यावरच्या बायका हसायच्या. ती बिचारी लाल व्हायची. “दोन जिवांची आहे, भूक आवरत नाही,” असं एखादी कबूल करायची. “दोन जिवांची म्हणून दोन थापा मारायच्या का?” की पुन्हा हशा. मग सुईबाई परत पाठवलेल्या नमुन्यांची जाड वही ओढायच्या आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द लिहायच्या: खाऊन आली.

त्यांच्या घरीही असंच होतं, फक्त वही नव्हती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. गरीब स्वभावाचा होता, आणि गरीब स्वभाव हा सुईबाईंच्या मते आजार होता. सून केकच्या दुकानात काम करायची. क्रीमच्या पिशवीतून गुलाब काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण केकवर गुलाब काढणं याला काम म्हणायला सासूबाई तयार नव्हत्या. “आमच्याकडे लोकांचे जीव असतात, तुमच्याकडे साखरेची फुलं,” असं त्या जेवताना सांगायच्या. सून कमी बोलायची. ते शहाणपण होतं, पण सुईबाईंना तो घुमेपणा वाटे.

सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचं पोट नवव्यासारखं दिसू लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आनंद मावेना. त्यांच्या थोरल्याचं जन्माचं वजन सव्वाचार किलो होतं, आणि तो आता चाळिशीला आला तरी काकू ते वजन पदकासारखं मिरवत.

“बघा हं, चांगलं बाळसेदार होणार. चार किलोच्या खाली नाही!”

“काकू, बाळ आहे ते, कलिंगड नाही,” सुईबाई म्हणाल्या. “मोठं म्हणून चांगलं असं नसतं.”

हे त्या नुसत्या तोऱ्यात म्हणाल्या नव्हत्या. फार मोठं बाळ बाहेर येताना डोकं येतं आणि खांदे अडकतात. मग जी काही मिनिटं जातात त्यात बाळ आणि आई दोघांचंही काय होईल सांगता येत नाही. जिन्याखालच्या खोलीतून त्यांनी ती धावपळ ऐकली होती. आता ती धावपळ आपल्या घरच्या माणसासाठी व्हायची वेळ येते की काय, ही धास्ती त्यांना लागून राहिली होती. कुणापुढे कबूल करायची तर त्या सुईबाई कसल्या!

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी सुनेचं पोट टेपने मोजलं आणि तपासण्या लिहून दिल्या. “बाळ दिवसांच्या मानाने बरंच मोठं आहे. का ते कळल्याशिवाय मला पुढचं काही ठरवता येणार नाही. रिपोर्ट लवकर आणा.”

सुईबाईंनी रक्त स्वतः काढलं. यंत्र थांबलं, नळी वर काढली, तर दूध.

“काय खाल्लंस?”

“काही नाही, आई.”

घरचं माणूस म्हणून त्यांनी आवाज बेताचा ठेवला. साखर तेवढी निघाली, ती ठीक होती. बाकीचं यंत्राने नाकारलं. आठवड्याने दुसरा नमुना घेतला. तोही दूध. आता मात्र सुईबाईंना सगळा उलगडा झाला. दिवसभर क्रीमचं पातेलं हाताशी असतं, बोटं चाटत असणार, आणि वर आपल्यासमोर उपाशी म्हणून बसते! मुलगा म्हणाला, “आई, ती नाही म्हणतेय ना, मग राहू दे.”

“तू लिफ्ट सांभाळ. वर-खाली करण्यापलीकडे तुला काही जमत नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी त्या केकच्या दुकानात गेल्या. मागच्या खोलीत लांब टेबलाशी सून आणि तीन मुली उभ्या होत्या. मालकीणबाई खोकी बांधत होत्या. सुईबाई दारातूनच म्हणाल्या, “हिच्या हाताशी क्रीम ठेवू नका. इथे चाटते आणि माझ्याकडे येऊन खोटं बोलते. पोटातल्या लेकराची तरी लाज बाळगायची!”

सुनेच्या हातातला गुलाब अर्धा झाला होता. तिने तो पूर्ण केला, पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि मोरीच्या नळाकडे बघत उभी राहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ती बोलली. “चौथ्या महिन्यापासून क्रीमच्या वासाने मला मळमळतं. नाकाला रुमाल बांधून काम करते मी. दुकानात कुणालाही विचारलं असतंत.”

“दुकानातल्या तुझ्याच की सगळ्या.”

“मग दुकान राहू दे. आज तुम्हीच माझ्यावर पहारा करा. मी काय खाते ते बघा, आणि सकाळी रक्त घ्या.”

सुईबाईंना हे आयतंच सापडलं. सुनेला सात वाजता भात आणि उकडलेली भाजी वाढली, स्वतः समोर बसून. मग स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली आणि आपली गादी सुनेच्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी टाकली. सून न्हाणीघरात गेली तर या बाहेर उभ्या. मुलाला घरात चोर शिरल्यासारखं वाटत होतं, फक्त चोर कोण ते त्याला ठरवता येईना. सकाळी सहाला दोघी बरोबरच निघाल्या.

यंत्राची घरघर थांबली. सुईबाईंनी नळी उचलली. पहिल्या दोन्हींपेक्षा दाट. सायीचं दूध.

स्टुलावर बसलेल्या सुनेने नळीकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

“तुम्ही बघत होता तेव्हाही मी उपाशी होते आणि बघत नव्हता तेव्हाही,” ती म्हणाली. बाही खाली ओढली आणि कामावर निघून गेली.

अकरा वाजता झोपाळू डॉक्टर आले. सुईबाई ती नळी घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुधाळ नळी त्यांनी या टेबलापर्यंत कधीच आणली नव्हती. त्यासाठी डॉक्टर कशाला हवा, ते बाकड्यावरचं काम.

डॉक्टरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. “उपाशी?”

“माझ्या डोळ्यांदेखत. माझी सून. केकच्या दुकानात असते, मला वाटलं तिथलं खाऊन येते.”

“साखर किती?”

“ब्याऐंशी.”

“आधीच्या दोन वेळची?”

सुईबाईंनी कागद चाळले. “एकोणऐंशी. चौऱ्याऐंशी.”

“केक खाऊन आलेल्या बाईची साखर चौऱ्याऐंशी?” डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे तुमच्या हातातच होतं की, बाई.”

हातातच होतं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

“रक्तातली चरबी मोजलीत?”

“कुणी लिहून दिली नव्हती.”

“नमुना पातळ करा आणि मोजा.”

त्यांनी मोजली. दीडशेच्या आत असायला हवा तो आकडा अकराशे ऐंशी निघाला. डॉक्टर आता सरळ बसले होते आणि झोपेचं नावही नव्हतं. त्यांनी शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, आणि सुईबाईंनी तसंच ऐकून घेतलं. गरोदरपणात आईच्या रक्तातली चरबी वाढतेच, दुप्पट-तिप्पट होते, त्यात भिण्यासारखं काही नाही. बाळासाठी शरीर तरतूद करत असतं. पण एखादीचं शरीर ही तरतूद आवरतच नाही. ती जेवो न जेवो, रक्त चरबीने भरलेलं. बाळ नाळेतून आईच्या साखरेवर वाढतं हे सगळ्यांना पाठ असतं. या चरबीतलाही वाटा त्याला मिळतो, हे कुणी बघत नाही. साखर ठीक असूनही बाळ अंगाने थोराड होतं ते कधी कधी यामुळे.

“आणि इतकी वाढली की आईच्याही जिवावर बेतू शकतं. स्वादुपिंड सुजतं. आजच्या आज डॉक्टरीणबाईंना कळवा.”

“तुम्हाला हे ठाऊक होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?” सुईबाईंचा जुना सूर एकदा उसळलाच.

“बोलायला नमुना माझ्यापर्यंत यावा लागतो. तो तुमच्या खिडकीतूनच परत जायचा. आणि तुमच्या त्या वहीवर मी दर महिन्याला न वाचता सही करत आलोय. म्हणजे आपण दोघं एकाच माळेचे मणी.”

सुईबाईंचा एवढ्या वर्षांत कुणी इतका मोठा अपमान केला नव्हता, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

डॉक्टरीणबाईंना कागद देऊन त्या खोलीत परत आल्या आणि वही उघडली. खाऊन आली. खाऊन आली. खाऊन आली. काही जणी खरंच खाऊन आल्या असतील, भूक माणसाला लागतेच. पण काही नावं दोन दोनदा होती. एक तीनदा होतं. तिसऱ्या वेळी सुईबाईंनी त्या दोन शब्दांखाली रेघ मारली होती, कागद फाटेल इतकी जोरात. ती धुलाईच्या दुकानात काम करणारी बाई होती. हाताला कायम साबणाचा वास. चौथ्यांदा ती आलीच नाही, रक्ताला नाही, तपासून घ्यायलाही नाही. आली ती थेट कळा सुरू झाल्यावर. बाळ साडेचार किलोच्या वर. खांदे अडकले. बाळ वाचलं, पण त्याचा उजवा हात पुढे कितीतरी महिने लोंबता राहिला. सुईबाई तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरला म्हणाल्या होत्या, “खा खा खाल्लं, आता भोगा.”

चरबीमुळेच तसं झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. पण बघितलंच नव्हतं. बघायचं काम ज्यांचं होतं त्यांनी हशा पिकवला होता. सुईबाईंनी आयुष्यभर जगाला जी नजर लावली होती ती त्या दुपारी स्वतःकडे वळली, आणि त्या नजरेत दयामाया नावाला नव्हती. मूर्ख, असं त्यांनी स्वतःला म्हटलं. त्या मूर्खपणाला त्यांनी अनुभव हे नाव दिलं होतं.

घरी आल्या तेव्हा सून पाय वर घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंचा निरोप पोचला होता. सुईबाई चप्पल न काढताच म्हणाल्या, “माझं चुकलं.”

सुनेने मान वर केली नाही. “घरात काय सांगता? घरात तुम्ही रोजच काहीबाही म्हणता, मी मनावर घेत नाही. दुकानात म्हणालात ना?”

सकाळी सुईबाईंनी तीस वर्षांतली पहिली उशिराची नोंद केली आणि केकच्या दुकानात गेल्या. तेच टेबल, त्याच मुली, नाकाला रुमाल बांधलेली सून. रुमाल तेव्हाही असणार. त्यांनी तो पाहिला नव्हता.

“परवा मी इथे येऊन अक्कल पाजळली,” सुईबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता, त्यांना दुसरा येत नव्हता. “ही खरं बोलत होती. तिला आजार आहे आणि तो मला ओळखता आला नाही. खोटं मी बोलले. सगळ्यांनी ऐकलंत ना?”

“ऐकलं,” मालकीणबाई खोक्याला दोरा गुंडाळत म्हणाल्या. “केक घ्यायचाय का?”

“नाही.”

“मग जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक आलंय.”

टेबलाशी कुणी वर पाहिलं नाही. सुनेनेही नाही.

पुढचे दोन महिने घरात तेला-लोण्याला बंदी होती. डॉक्टरीणबाईंनी आहार कागदावर लिहून दिला होता आणि पोटात वरच्या बाजूला दुखलं तर तडक या म्हणून बजावलं होतं. वरच्या काकू लोण्याचा डबा घेऊन आल्या. “पोरीला उपाशी मारताय की काय? बाळ खंगेल!”

“काकू, तुमचं लोणी तुमच्या चाळीस वर्षांच्या बाळाला घाला,” असं म्हणून सुईबाईंनी दार लावलं. या वेळी तिरस्कार कामी आला, म्हणून तो त्यांनी टाकला नाही.

तीन आठवड्यांनी आकडा सहाशे चाळीसवर आला. सुनेचं रक्त त्याच काढत होत्या, पण ‘काय खाल्लंस’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून निघत नव्हता. खिडकीवरही त्यांचं बोलणं कमी झालं. नमुना दुधाळ निघाला की त्या आता नळी घेऊन उठायच्या आणि झोपाळू डॉक्टरांना उठवायच्या. डॉक्टर कुरकुरायचे. बाकड्यावरच्या बायकांना करमणूक उरली नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवस पूर्ण भरायची वाट पाहिली नाही. तारीख ठरवून, दोन जास्तीची माणसं उभी ठेवून बाळंतपण केलं. खांदे क्षणभर अडल्यासारखे वाटले आणि सुटले. मुलगी झाली, तीन किलो नऊशे. आहारामुळे तेवढ्यावर भागलं की नशिबाने, हे कुणी सांगू शकलं नाही, आणि सुईबाईंनीही, आश्चर्य म्हणजे, सांगितलं नाही. जिन्याखाली त्यांनी धावपळ ऐकली नाही. त्यांनी बाळाचं रडणं ऐकलं आणि हातातली नळी खाली ठेवून भिंतीला टेकल्या.

मोठ्या बाळाची साखर जन्मल्यावर एकाएकी उतरू शकते, म्हणून टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ती वेळोवेळी बघावी लागते. दुपारी सुईबाई त्यासाठी वॉर्डात गेल्या. खाटेशी पोचून त्या थांबल्या. दूध कधी पाजलं हे कागदावर लिहावं लागतं. म्हणजे विचारणं आलंच.

“तिला,” त्यांनी कागदावर पेन टेकवलं, “तिला शेवटचं कधी पाजलंस?”

सून त्यांच्याकडे जराशी बघत राहिली. “बारा वाजून दहा मिनिटांनी. वीस मिनिटं प्यायली.”

“छे हो!” शेजारच्या खाटेवरची चादर बदलणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. “बाराला मी इथेच होते, बाळ झोपलं होतं. नव्या आयांना काही कळत नाही, काहीही सांगतात. साडेदहा लिहा.”

सुईबाई वळल्या. ती नजर सगळ्या वॉर्डाच्या ओळखीची होती.

“मूल तिचं, दूध तिचं, आणि वेळ तुम्ही सांगणार?” त्या म्हणाल्या. “चादर खोचा नीट, कोपरा लोंबतोय.” आणि कागदावर त्यांनी लिहिलं: बारा दहा, वीस मिनिटं.

सुनेने दुपट्याची घडी सोडली. आतून एक गुबगुबीत, लालसर पाय बाहेर काढला आणि घोट्याशी अलगद धरून सासूच्या पुढे केला.

“हळू हं, आई,” ती म्हणाली.